बंद पडलं तर थंड पडावं

पाळीव सापाबद्दल लिहितोय म्हटल्यावर निम्मे वाचक इथूनच पळतील याची कल्पना आहे. उरलेल्यांपैकी निम्म्यांना वाटेल, की आता हा 'साप : शेतकऱ्याचा मित्र' छाप निबंध ऐकवणार. घाबरू नका, तसं काही नाही. आजचा विषय अगदी घरगुती आहे. पाळलेल्या सापाच्या पेटीला ऊब कशी द्यावी, एवढाच. पण या एवढ्याशा गोष्टीत दरवर्षी कितीतरी साप पोटाखालून भाजून निघतात, आणि त्यातले बहुतेक त्यांच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्यांच्याच घरात. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायला नको. एक, सापाला 'योग्य तापमान' द्यायचं नसतं, त्याला तापमानाची निवड द्यायची असते. दोन, ऊब देणारी यंत्रणा कधी ना कधी बिघडणारच. ती बिघडेल तेव्हा पेटी थंड पडली पाहिजे, तापता कामा नये. आणि तीन, थर्मोस्टॅटशिवाय हीटर विकणं दुकानांनी बंद करायला हवं. ब्रेक वेगळे घ्यायला लावून कोणी स्कूटर विकत नाही.

इथे अमेरिकेत साप पाळणं ही फार जगावेगळी गोष्ट नाही. त्यातही सर्वांत जास्त दिसतो तो बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला एक छोटा अजगर. ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. नाव अजगराचं असलं तरी लांबी जेमतेम तीन ते पाच फूट. बिनविषारी, लाजाळू, आणि घाबरला की स्वतःचंच डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसणारा. नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो. माझ्याकडे गेली तीन वर्षं एक मादी आहे. घरात तिला 'बाईसाहेब' म्हणतात, आणि एकंदर वागणूक पाहता ते बरोबरच आहे. दोन आठवड्यांतून एकदा जेवणार, तेही मूड असेल तर.

आता मुद्द्यावर येतो.

साप 'थंड रक्ताचा' असतो असं आपण शाळेत घोकलेलं असतं. हे वर्णन तसं फसवं आहे. उन्हात पडलेल्या सापाचं रक्त चांगलंच गरम असू शकतं. फरक इतकाच, की आपण ऊब शरीरात तयार करतो आणि तो बाहेरून मिळवतो. मिळवतो म्हणजे वातावरण देईल ते मुकाट्याने घेतो, असंही नाही. रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करून १९४४ साली दाखवून दिलं, की हे प्राणी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात ये-जा करून आपलं तापमान बऱ्यापैकी काटेकोरपणे राखतात. म्हणजे थर्मोस्टॅट त्यांच्याकडेही आहे. तो रक्तात नसून वागण्यात आहे, इतकंच.

ही गोष्ट एकदा नीट डोक्यात बसली, की पेटीकडे बघायची नजर बदलते. नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती अंशांवर सेट करू?" प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. पेटीच्या एका टोकाला ३२-३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ असा उतार हवा. (इथल्या डब्यांवर फॅरनहाइट लिहिलेलं असतं. ९० फॅरनहाइट म्हणजे आपले साधारण ३२.) या उतारावर कुठे बसायचं ते साप ठरवेल. भरपेट उंदीर खाल्ला की तो गरम टोकाला जाईल, कारण पचनाला ऊब लागते. ती मिळाली नाही, तर पोटातला उंदीर पचण्याऐवजी सडतो आणि साप तो ओकून टाकतो. कात टाकायच्या सुमारास किंवा नुसतंच पडून राहायचं असेल तेव्हा तोच साप थंड टोकाला सापडेल. आपण बाहेरून बघून त्याला या क्षणी किती अंश हवेत हे सांगू शकत नाही. ते त्यालाच कळतं.

याचा सर्वांत सुंदर पुरावा सापाचा नसून एका सरड्याचा आहे. आपल्याला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो. सरड्याला शरीरात ताप 'काढता' येत नाही, मग तो काय करतो? मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवलं, की डिप्सोसॉरस नावाच्या वाळवंटी सरड्याला जंतू टोचले तर तो नेहमीपेक्षा जास्त गरम जागी जाऊन बसतो. चालत जाऊन ताप आणतो म्हणा ना! पुढच्याच वर्षी त्यांनी जंतू टोचलेले सरडे वेगवेगळ्या ठरावीक तापमानांना ठेवून पाहिले. ३४ आणि ३६ अंशांवरचे जास्त मेले, ४० अंशांवरचे जास्त जगले. निरोगी असताना तो सरडा साधारण ३८ अंश पसंत करतो. समजा, एखाद्याने पुस्तकात वाचून सरड्याची अख्खी पेटी बरोबर ३८ अंशांवर ठेवली, तर त्याने काही चुकीचं केलं असं कोणीच म्हणणार नाही. पण आजारी पडायच्या दिवशी त्या सरड्याला जायला जागाच उरलेली नसेल.

म्हणून मला 'एकच आदर्श तापमान' ही कल्पना मान्य नाही. मोठे ब्रीडर लोक कपाटाच्या खणांसारख्या रॅकमध्ये शेकडो साप ठेवतात आणि म्हणतात, "खातात, वाढतात, अंडी घालतात, मग अजून काय हवं?" त्यांचा हिशोब मला कळतो. पण 'सर्व्हर पडला नाही' आणि 'सर्व्हर नीट चाललाय' यातला फरक आपल्या धंद्यातल्या माणसांना तरी सांगायला नको.

उतार द्यायचा तर पेटी लांब हवी, हे ओघानंच आलं. दीड फुटी टँकमध्ये ३३ आणि २५ ही दोन्ही टोकं सांभाळणं म्हणजे एकाच खोलीत एसी आणि शेगडी लावण्यासारखं आहे. मोठ्या सापाला चार फुटांची पेटी हवी. आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस विसरतो. लपायची जागा दोन्ही टोकांना हवी, आणि दोन्ही सारख्याच घट्ट. बॉल पायथन मुळात उंदरा-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढणारा प्राणी. उघड्यावर त्याला चैन पडत नाही. बीळ फक्त गरम टोकाला ठेवलं, तर तो उकाड्यात बसेल पण बाहेर येणार नाही. फक्त थंड टोकाला ठेवलं, तर गारठेल पण ऊब घ्यायला जाणार नाही. बघणाऱ्याला वाटतं त्याला तीच जागा आवडते. आवडतबिवडत काही नाही हो! सुरक्षितता की तापमान, असं आपणच त्याला निवडायला लावलेलं असतं.

आता दुसरा मुद्दा, यंत्रणेचा. खरं सांगायचं तर मला जास्त रस यातच आहे.

बाजारात ऊब देणाऱ्या वस्तू मोजून चार-पाच प्रकारच्या. पेटीच्या तळाला चिकटवायची हीट मॅट, वरून लावायचा हॅलोजन बल्ब, उजेड न देता तापणारा सिरॅमिकचा गोळा, वर छताला बसवायचं सपाट रेडियंट पॅनल, आणि तो कुप्रसिद्ध हॉट रॉक, म्हणजे पोटात तार असलेला नकली दगड. यातलं चांगलं कुठलं यावर साप पाळणाऱ्यांमध्ये 'विंडोज की लिनक्स' छाप युद्धं चालतात. वरून ऊब म्हणजे सूर्यासारखी, म्हणून हॅलोजन चांगला असं एक घराणं. बिळात राहणारा प्राणी आहे, त्याला जमिनीची ऊब द्या असं दुसरं.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. बारावीच्या फिजिक्समधला वीनचा नियम आठवा, वस्तू जितकी तप्त तितकी तिच्या किरणांची लहरलांबी कमी. हॅलोजनची तार तीन हजार केल्व्हिनच्या आसपास तापते, म्हणून तिचे किरण साधारण एक मायक्रॉनच्या भोवती दाटलेले असतात. त्यात सूर्यप्रकाशातही असणारं जवळचं अवरक्त भरपूर असतं, आणि ते कातडीच्या थोडं खोल शिरतं. सिरॅमिकचा गोळा पाचेकशे केल्व्हिनचा, त्याचे किरण सहा मायक्रॉनच्या आसपासचे. हीट मॅटचे तर नऊच्या घरात. हे किरण कातडीच्या वरच्या थरातच अडकतात. त्यामुळे दिवसा हॅलोजन आणि रात्री गरज पडलीच तर उजेड न देणारा हीटर, ही माझी पसंती. (रात्रीसाठी लाल बल्ब विकतात. लाल काच लावली तरी तो उजेडच असतो, त्याला रात्र म्हणत नाहीत.) पण मॅट वापरणारा अडाणी, असं मी मुळीच म्हणणार नाही. हॉट रॉक सोडला, तर यातल्या कुठल्याही साधनाने साप नीट सांभाळता येतो. प्रश्न साधनाचा नाही, त्याच्या लगामाचा आहे.

हीट मॅट दिसायला अगदी निरुपद्रवी. काळा प्लास्टिकचा कागद, हाताला लावली तर कोमट. "एवढ्याने काय होतंय!" असं वाटतं. पण मोकळ्या हवेत कोमट लागणारी मॅट काचेखाली चिकटवली, वर तीन इंच लाकडाचा भुसा घातला, की तिची उष्णता जाणार कुठे? भुसा म्हणजे चक्क रजई. वरचा थर ३० दाखवत असतो आणि खालची काच पंचेचाळीसच्या पुढे गेलेली असते. आणि मंडळी, साप बिळात राहणारा प्राणी आहे. तो भुसा उकरून नेमका त्या काचेवरच जाऊन झोपतो. म्हणून नियम असा, की मोजायचं ते साप पोचू शकेल त्या सर्वांत गरम जागी. वर कुठेतरी, आपल्याला दिसायला सोयीच्या जागी नाही.

इथे कोणीही विचारेल, की पोट भाजत असताना साप उठून जात का नाही? गंमत बघा. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खळगे असतात आणि त्यांनी त्याला अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब 'दिसते'. या खळग्यांमागचा रेणू, टीआरपीए१ नावाचा, २०१० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आला. ते काम करणाऱ्या गटाचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं, तेही तापमान आणि स्पर्श जाणणाऱ्या संवेदकांवरच्या कामासाठी. म्हणजे इतका तरबेज उष्णताशोधक प्राणी, आणि तोच पोटाखालच्या तापलेल्या दगडावर भाजेपर्यंत पडून राहतो! पण हे संवेदक शिकार शोधायला घडलेत. निसर्गात ऊब वरून येते, आणि जमिनीची ऊब हळूहळू चढते, हळूहळू उतरते. बिळाच्या आत कोणी तार पेटवून ठेवत नाही. त्यात पेटी थंड असेल तर त्या भाजणाऱ्या जागेशिवाय त्याला दुसरी ऊबच नसते. म्हणून "जास्त तापलं तर तो सरकेल" या भरवशावर राहू नये. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या कॉर्न स्नेकचं पोट असंच भाजलं होतं. खवल्यांच्या दोन पट्ट्या तपकिरी होऊन सोलवटल्या. कित्येक आठवडे रोज मलम, आणि खाली भुशाऐवजी स्वच्छ कागद. साप वाचला, पण त्या जागेची कात पुढेही अडकत राहिली. त्याच्या संचात टँक होता, मॅट होती, प्लास्टिकचा वेलसुद्धा होता. थर्मोस्टॅट नव्हता.

आता समजा थर्मोस्टॅट आणला. सुटलो का? नाही. इथेच खरा इंजिनियरिंगचा प्रश्न सुरू होतो, तो म्हणजे हा बिघडला तर काय होईल?

थंडी आणि उष्णता यांचे धोके सारखे नाहीत. पेटी एखाद्या रात्री २० अंशांवर गेली, तर साप मंदावतो, रुसतो, जेवण पुढे ढकलतो. असं आठवडेच्या आठवडे चाललं तर श्वसनाचा संसर्ग होतो, तोंडातून बुडबुडे येतात, आणि ते गंभीर असतं. पण तुमच्या हातात दिवस असतात. उलट, पेटी चाळिशीच्या वर गेली तर हातात दिवस नसतात, कधीकधी तासही नसतात. तुम्ही सकाळी ऑफिसला जाता आणि संध्याकाळी परत येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळाने लाखो घरांची वीज गेली, काहींची तर कित्येक दिवस. अशा वेळी पेटीवर गोधड्या टाकून आणि गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून ठेवून साप तगवता येतो. फक्त ऊब परत येईपर्यंत खायला घालायचं नाही. थर्मोस्टॅट 'चालू'वर अडकला तर मात्र तुमची गोधडी काही कामाची नाही.

आणि गोम अशी, की थर्मोस्टॅट बरेचदा 'चालू'वरच अडकतो. साध्या थर्मोस्टॅटमध्ये रिले असतो. हजारो वेळा चालू-बंद होऊन त्याचे संपर्कबिंदू एक दिवस वितळून एकमेकांना चिकटतात, आणि मग हीटर बंद होतच नाही. महागड्या डिमिंग थर्मोस्टॅटमध्ये रिलेऐवजी ट्रायॅक असतो. तो मेला की बहुधा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे पुन्हा हीटर पूर्ण चालू. तापमान मोजणारा प्रोब बहुतेक वेळा असा असतो, की थंडीत त्याचा विद्युतरोध वाढतो. त्याची वायर तुटली तर रोध अनंत होतो, आणि यंत्राला वाटतं, बापरे, काय ही थंडी! डोळे गेलेल्या माणसाने रात्र झाली समजून कंदील पेटवावा, तसं ते हीटर पूर्ण सोडतं. चांगल्या यंत्रांत प्रोब तुटल्याचं ओळखून हीटर बंद करायची सोय असते, स्वस्तातल्यांत असेलच असं नाही. आणि या सगळ्याहून साधा प्रकार म्हणजे सापानेच रात्री प्रोब ओढून थंड टोकाला नेऊन टाकला. यंत्र बिचारं इमानदारीने थंड टोकाला ३२ अंश आणायच्या मागे लागतं. गरम टोकाचं काय होईल ते सांगायला नको.

यावर उपाय आहेत, आणि अवघड नाहीत.

पहिला उपाय फुकटचा आहे आणि फारच कमी लोक वापरतात. हीटरच बेताचा घ्यायचा. हिशोब सोपा आहे. पेटी खोलीपेक्षा किती अंशांनी गरम होते, ते ढोबळमानाने हीटरच्या सरासरी वॅटच्या प्रमाणात असतं. खोली २२ अंश आहे आणि गरम टोक ३२ हवंय, म्हणजे दहा अंश चढवायचेत. हे दहा अंश चढवायला तुमचा हीटर ३० टक्के वेळच चालत असेल, तर तो पूर्ण वेळ अडकून चालला तर तेहेतीस अंश चढवेल. २२ अधिक ३३, म्हणजे ५५. साप मेला. पण तेच दहा अंश चढवायला जर ६० टक्के वेळ लागत असेल, तर पूर्ण अडकला तरी सतरा अंश, म्हणजे ३९. त्रास होईल, पण थंड टोक शाबूत असेल तर साप तिथे जाऊन बहुधा वाचेल. दुकानदार "शंभर वॅटचा घेऊन ठेवा, कमी करता येतो" म्हणतो तेव्हा हा हिशोब आठवा. गरजेपेक्षा मोठा हीटर हा दिलदारपणा नाही, टांगती तलवार आहे. हिवाळ्यात कमी पडेल असं वाटत असेल, तर आधी पेटी सुधारा. जाळीच्या झाकणाच्या काचेच्या टँकमधून ऊब भराभरा उडून जाते. लाकडी किंवा पीव्हीसीच्या पेटीत ती टिकते आणि विजेचं बिलही कमी येतं.

दुसरा उपाय पैशाचा, पण फार नाही. पहिल्या थर्मोस्टॅटच्या मागे दुसरा लावा, ओळीत, वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या प्रोबचा. पहिला ३२ वर, दुसरा ३६ वर. रोजच्या दिवशी दुसरा काहीच करत नाही. ज्या दिवशी पहिला अडकेल त्या दिवशी तो वीज तोडेल, आणि पेटी थंड पडेल. हेच तर हवंय आपल्याला.

तिसरा उपाय प्रोबचा. तो क्लिपने किंवा स्क्रूने पक्का बसवा. पेटीच्या आत चिकटपट्टी चुकूनही नको, कारण ती सापाच्या अंगाला चिकटली की सोडवताना खवले निघतात. पेटीच्या आत सिरॅमिकचा गोळा असेल तर त्याला जाळीचं कुंपण हवंच. त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढे जातो, आणि साप उबेपाशी वेटोळं घालायला जातो.

चौथा, मोजायच्या साधनांवर डोळे झाकून विश्वास नको. काचेला चिकटवायचा तबकडीचा थर्मामीटर मुख्यतः काचेचं तापमान सांगतो. इन्फ्रारेड गन झकास, वीसेक डॉलरला मिळते, पण ती पृष्ठभाग मोजते, हवा नाही. काचेतून आतलं मोजायला गेलात तर ती काचेचाच आकडा सांगेल, कारण त्या लहरींना काच पारदर्शक नसते.

आणि पाचवा, आपल्या धंद्यातला. साप घरी आणण्याआधी रिकामी पेटी आठवडाभर चालवा, आणि एका वीकांताला ती मुद्दाम बिघडवून बघा. प्रोब काढून बाहेर टांगा आणि पेटी कुठवर जाते ते पाहा. टेस्ट न करता शुक्रवारी संध्याकाळी कोड सोडणाऱ्याला आपण शिव्या घालतो ना? इथे तर रोलबॅकसुद्धा नाही.

"निसर्गात कोण थर्मोस्टॅट लावून देतं?" हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. निसर्गात नाही लागत, कारण घानातल्या सापाला चार पावलांवर सावली असते, सावलीत बीळ असतं, आणि बीळ खाली जावं तसं गार होत जातं. ती सगळी पळवाट काढून घेऊन आपण त्याला चार फुटांच्या पेटीत ठेवतो. काढून घेतलेल्या पळवाटेच्या बदल्यात एक यंत्र लावून देणं ही चैन नाही, कर्ज आहे. इंग्लंड-वेल्समध्ये तर हे कायद्यातच आहे. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार पाळलेल्या प्राण्याला योग्य वातावरण पुरवायची जबाबदारी मालकाची असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे वीज युनिटला ३४ पेन्सवर गेली. अशी पेटी दिवसाला एक युनिट खाते असं धरलं, तरी महिन्याला दहा पौंड होतात. हा खर्च वीस वर्षं करायची तयारी नसेल, तर साप आणूच नये.

भारतात राहून हे वाचणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेकायदा आहे. धामण असो, अजगर असो, पिशवीत घालून घरी आणायचा नाही. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी नोंदणी सक्तीची केली आहे. बँकॉकहून सामानात दडवून आणलेले बॉल पायथन मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर पुन्हा पुन्हा पकडले गेलेत, आणि अशा वाटेने आलेला साप कोणी 'दत्तक' म्हणून देऊ केला तर हात जोडून नाही म्हणा. तापमानाचं म्हणाल, तर नागपूरच्या मे महिन्यात प्रश्न नेमका उलटा होतो. गरम टोक आयतंच मिळतं, थंड टोकच उरत नाही. हौस असेल तर कात्रजला जाऊन साप बघा, तासभर बघा. तेवढ्याने हौस फिटली तर उत्तमच.

राहता राहिली दुकानं. थर्मोस्टॅट तीसेक डॉलरपासून मिळतो. साप, टँक, बल्ब, भुसा हे सगळं मिळून बिल काही शेकड्यांत जातं, आणि त्यात ही एकच गोष्ट 'ऐच्छिक' म्हणून वेगळ्या फडताळावर ठेवलेली असते. विकणाऱ्या पोराचा यात दोष नाही, त्याला जे शिकवलंय ते तो सांगतो. दोष संच ठरवणाऱ्यांचा आहे. हीटरच्या प्रत्येक खोक्यात थर्मोस्टॅट घाला, किंमत वाढवा, आम्ही देऊ. ज्याला तीस डॉलर जास्त वाटतात त्याने साप घेतला नाही, तर त्यात सापाचंच भलं आहे.

साप कुत्र्यासारखा केकाटत नाही, मांजरासारखा येऊन पायाला घासत नाही. भाजला तरी गप्प, गारठला तरी गप्प. त्याची तक्रार आपल्यापर्यंत पोचते तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून त्याच्या वतीने आधीच विचार करून ठेवायला लागतो, त्याला निवड द्यायची आणि यंत्राला लगाम घालायचा. एवढं झालं की मग 'किती अंश?' या प्रश्नाचं उत्तर रोजच्या रोज तोच देतो, पेटीत जिथे बसलेला दिसेल तिथून.

असो. या विषयावर बराच वेळ तापलो, आता थंड टोकाला जातो. :-)